उसना तोल

हेमांगी निकमच्या नवऱ्याला कॉम्प्युटरवरच्या खेळांचं वेड होतं, आणि पन्नाशी दारात येऊन उभी राहिली तरी ते उतरलेलं नव्हतं. अभिजित सकाळी साताऱ्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, दुपारी पेपर तपासायचा आणि संध्याकाळी मागच्या खोलीत शिरून विमानं उडवायचा. खेळातलं विमान पडलं तर जेवताना त्याचा चेहरा खरोखर उतरलेला असायचा. घरात त्याला कुणी त्याबद्दल टोकत नसे. हेमांगी तर नाहीच. गेली तीन वर्षं हा माणूस तिला कोपराचा आधार देऊन चालवत होता. संध्याकाळी थोडा वेळ त्याने एकट्याने आकाशात फिरावं, यात तिला वावगं काय वाटणार?

त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याने नवा हेडसेट आणला. परदेशी कंपनीचा, नुकताच बाजारात आलेला, खेळणाऱ्यांच्या जगात ज्याची दोन वर्षं नुसती चर्चा चालली होती असा. त्याच्यासाठी मागच्या खोलीतली कॉट बाहेर गेली. भिंतींना कमरेपर्यंत फोम लागला, जमिनीवर जाड सतरंज्या आल्या, आणि हेडसेटपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर पायात येऊ नये म्हणून पंख्याच्या शेजारी एक हूक ठोकून ती वरून सोडली गेली.

"रांगतं बाळ येणारेय का आपल्याकडे?" हेमांगीने दारातून विचारलं.

"हसून घे," अभिजित म्हणाला. "या हेडसेटमध्ये गरगरत नाही. आधीच्या सगळ्यांत तेच घोडं अडायचं."

त्याने मग वर्गात समजावतो तसं समजावलं. घाटात गाडी लागते, कारण डोळे मेंदूला एक सांगतात आणि कान दुसरंच. हेडसेट घातला की डोळ्यांना दिसतं, आपण विमानातून गिरकी घेतोय. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र ठाऊक असतं की आपण सतरंजीवर उभे आहोत. या भांडणात पोटात ढवळायला लागतं. नव्या हेडसेटमध्ये कानांच्या मागे, हाडावर टेकणाऱ्या दोन छोट्या गाद्या होत्या. त्यांतून विजेचा अगदी बारीक प्रवाह कानाच्या नसेपर्यंत जायचा आणि डोळ्यांना जे दिसतंय तेच कानालाही 'जाणवून' द्यायचा. भांडण मिटलं, गरगरणं संपलं.

कानाच्या आतला तोल! हेमांगीला त्याबद्दल कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती.

ती एके काळी दोरीच्या मल्लखांबातली राज्यविजेती होती. पुढे शनिवार पेठेतल्या व्यायामशाळेत तिने कितीतरी मुली तयार केल्या. तीन वर्षांपूर्वी तिला मूत्रपिंडाचा जबरदस्त संसर्ग झाला. ताप उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी एक तीव्र इंजेक्शन सुरू केलं. त्याने तिचा जीव वाचला, पण जाता जाता ते कानातला तोल घेऊन गेलं. ऐकू नीट यायचं, पण मान वळवली की सगळं जग हंड्यातल्या पाण्यासारखं हिंदकळायचं. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या नाचायच्या. अंधारात तर वर कुठे आणि खाली कुठे हेच कळायचं नाही. डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटले तरी ती कोसळायची, म्हणून मोरीत स्टूल आलं.

अशा अवस्थेतून ती पुन्हा उभी राहिली होती, आणि ते काम सोपं नव्हतं. कान गेले तर गेले, तळपाय आहेत, डोळे आहेत, असं म्हणत तिने पावलं रुंद टाकायला शिकून घेतलं. नजर एका जागी रोवून चालायला शिकली. सगळ्यांत अवघड होतं वर बघणं. त्यासाठी ती व्यायामशाळेत दोरीसमोर उभी राहायची आणि रोज नजर वीतभर वर न्यायची. कितीदा पडली याची गणती नाही. पण शेवटी दोरीचं खालचं टोक धरून, पाय फाकवून, मान वर करून ती आपल्या मुलीचा, ओवीचा सराव घ्यायला लागली. शाळकरी मुलींना शिकवणं सुटलं होतं. ओवीची दोरी मात्र तिच्या हातात होती.

हेडसेट आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, दुपारी, अभिजित तिला म्हणाला, "एकदा बघ तरी. खुर्चीवर बसूनच बघ."

तिने कौतुकाखातर हो म्हटलं. कानांमागे गार गाद्या टेकल्या. डोळ्यांसमोर एक ठिपका आला, तो सरकला, मग तिला मान इकडे-तिकडे वळवायला सांगण्यात आलं. हेडसेट आतून तिच्या बुबुळांकडे बघत होता. माणसाने मान वळवली की त्याच क्षणी बुबुळं उलट्या दिशेला फिरतात, म्हणून जग स्थिर दिसतं. हेमांगीची बुबुळं उशिरा फिरत होती. यंत्राला एवढंच समजलं की प्रवाह कमी पडतोय. त्याने तो वाढवला, पुन्हा पाहिलं, आणखी वाढवला. तिच्या जिभेवर तांब्याची चव आली.

आणि मग जग थांबलं.

ती एका जुन्या शिडाच्या जहाजाच्या डेकवर होती. तिने मान डावीकडे वळवली, जहाज जिथल्या तिथे राहिलं. उजवीकडे वळवली, तरी खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर. तिने घाबरत घाबरत डोळे मिटले. मग ती खुर्चीवरून उठली, आणि एक पाय उचलून दुसऱ्या पायावर उभी राहिली.

"हेमा! अगं पडशील!" अभिजित धावला.

"हात लावू नकोस!"

व्यायामशाळेतला तो जुना आवाज घरात कित्येक दिवसांत कुणी ऐकला नव्हता. अभिजित जागीच थबकला. हेडसेटच्या खालून तिच्या गालांवर पाणी ओघळत होतं.

"अभिजित," ती म्हणाली, "मला खाली कुठे आहे ते कळतंय."

डॉक्टर फरीदा मुजावर पहिल्यापासून तिच्यावर उपचार करत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हेडसेट टेबलावर उलटा-पालटा करून पाहिला.

"कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात," मग त्या म्हणाल्या. "डोकं हललं की त्या वाकतात आणि नसेला खबर देतात. इंजेक्शनने तुमच्या त्या पेशी मेल्या. नस मात्र जिवंत आहे, तिला खबर देणारं कुणी उरलं नव्हतं. हे यंत्र ते काम करतंय. बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल की ते अशा माणसाच्या डोक्यावर जाईल."

"म्हणजे मी बरी होऊ शकते?"

"यंत्र डोक्यावर असेपर्यंत. ते काढलं की पुढे काय होईल, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. मेंदू तीन साक्षीदारांचं ऐकून तोल ठरवतो, डोळे, कान आणि पाय. तुमचा एक साक्षीदार गेला, तेव्हा उरलेल्या दोघांवर तुम्ही मोठ्या मेहनतीने भरवसा ठेवायला शिकलात. आता तिसरा परत आलाय, आणि तो मोठ्याने बोलतोय. जपून, हेमांगीताई. हे खेळणं आहे, औषध नाही."

हेमांगीने यातलं पहिलं वाक्य मनात धरलं आणि शेवटचं दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं. तिला दोष कसा द्यावा? तहानेने व्याकूळ झालेल्या माणसाला पाण्याची चौकशी करायला कोण सांगणार?

त्या खेळात जहाजाला तीन उंच डोलकाठ्या होत्या आणि दोरखंडांचं जंगल होतं. वादळात वर चढून शिडं गुंडाळायची, तुटलेले दोर बांधायचे, असा तो खेळ. देशोदेशीचे खेळाडू त्यात एकमेकांच्या जहाजावर खलाशी म्हणून यायचे. हेमांगीला बंदूक चालवता येत नव्हती, नकाशा वाचता येत नव्हता, पण दोर तिला आईच्या भाषेसारखा येत होता. पायाच्या अंगठ्याने दोर कसा धरायचा, मांडीत कसा घ्यायचा, दोन्ही हात सोडून उलटं कसं लटकायचं, हे तिने मोडक्या इंग्रजीत कोरियातल्या पोरांना शिकवलं. महिनाभरात लोक तिच्या जहाजावर जागा मिळावी म्हणून ताटकळायला लागले.

तिथेच तिला लॉरेन डिमेलो भेटली, वसईची. साठीची बाई, पूर्वी चर्चच्या क्वायरमध्ये गाणारी. तिलाही कुठल्याशा तापात तेच इंजेक्शन मिळालं होतं आणि तोच तोल गेला होता. तिच्या भाच्याच्या घरी हेडसेट होता, तो आता तिच्याच खोलीत मुक्कामाला आला होता. दोघी मधल्या डोलकाठीच्या टोकाला बसायच्या, खाली समुद्र, आणि स्वयंपाकाच्या, गुडघ्यांच्या, पोरांच्या गप्पा मारायच्या.

"तीन वर्षं मी भिंतीला धरून चालले गं," लॉरेन एकदा म्हणाली. "आता बघ, भिंतच नाही कुठे."

अभिजितचं विमान त्या काळात एकदाही उडालं नाही. सुरुवातीला तो दारात खुर्ची टाकून बसायचा. बायको त्या रिकाम्या खोलीत हवेतला दोर धरून वाकायची, वळायची, एका पायावर गिरकी घ्यायची. ते बघताना त्याला लग्नाआधीची हेमांगी आठवायची. मग हळूहळू त्याने खुर्ची आत नेली. तिला तिथे त्याची गरज नव्हती. संध्याकाळी तो गॅलरीत चहा घेऊन बसायला लागला, आणि त्यालाही ते आवडायला लागलं.

बदल आधी ओवीच्या लक्षात आला. ती बारावीत होती, बोलायला तुटक आणि नजरेला तीक्ष्ण.

"आई, तू पुन्हा भिंतीला हात लावून चालतेस."

"हेडसेट काढल्यावर थोडा वेळ होतं तसं."

"थोडा वेळ नाही. काल संध्याकाळी काढलास, आत्ता सकाळ आहे."

खरं होतं ते. हेडसेट उतरवला की कानातला तो मोठा आवाज एकदम गप्प व्हायचा. पूर्वी अशा वेळी पाय आणि डोळे काम उचलून धरायचे. आता मेंदू त्यांच्याकडे वळून बघतच नव्हता. तो गप्प झालेल्या साक्षीदाराचीच वाट बघत बसायचा, आणि तेवढ्यात जमीन पायाखालून सरकायची. एकदा दुधाचं पातेलं हातातून गेलं. एकदा ती गॅलरीच्या उंबऱ्यावर आदळली आणि गुडघा काळानिळा झाला. प्रत्येक वेळी तिला एकच उपाय सुचायचा, आणि तो मागच्या खोलीत होता. तिथे शिरलं की सगळं ठाकठीक. हातचं सुटत चाललंय, हे तिला कळत होतं. पण पळतं इतकं सुंदर होतं!

ऑगस्टमध्ये ओवीची राज्य स्पर्धेची तयारी अगदी शेवटच्या टप्प्यात आली. हेमांगी काही आठवडे व्यायामशाळेत फिरकलीच नव्हती. आज डोकं दुखतंय, उद्या नक्की, असं चाललं होतं. तिच्या जागी व्यायामशाळेतल्याच पाटील मॅडम दोरी धरत होत्या. एका शनिवारी सकाळी पाटील मॅडम गावाला गेल्या आणि ओवी आईच्या समोर येऊन उभी राहिली.

"आज तू धर. नाहीतर माझा दिवस जाईल."

हेमांगीने नाही म्हणायला हवं होतं. ते तिला नंतर हजारदा वाटलं. त्या क्षणी मात्र तिला लाज वाटली आणि ती उठली.

व्यायामशाळेत दोरीखाली तिने नेहमीसारखे पाय फाकवले, टोक हातात घेतलं. ओवी सरसर वर गेली. हेमांगीने मान वर केली. पहिल्या काही क्षणांत सगळं बरं होतं. ओवीने पायात दोर घेतला, उलटी झाली, एक हात सोडला. तिला नीट बघायला हेमांगीने मान आणखी मागे टाकली, आणि छप्पर तिच्या अंगावर आलं.

ती पडली. पडणारं माणूस जे हाताला लागेल ते घट्ट धरतं. तिच्या हाताला दोरी होती. तिच्या सगळ्या वजनाचा हिसका वर गेला. ओवीच्या पायातला वेढा सुटला आणि ती गादीच्या कडेवर, डाव्या कोपरावर आली. हाड मोडल्याचा आवाज हेमांगीने जमिनीवर पडल्या पडल्या ऐकला. कान तिचे तेवढ्यापुरते शाबूत होतेच.

ऑपरेशन झालं, प्लॅस्टर आलं. स्पर्धा ओवीशिवाय झाली. मुलगी आईला एका शब्दाने बोलली नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

हेमांगीने हेडसेट खोक्यात घालून माळ्यावर ठेवायला लावला. पण पुढचे दिवस भयंकर गेले. पलंगावर उठून बसलं तरी घर कलायचं. अन्न पोटात ठरेना. शेवटी अभिजितनेच खोकं खाली काढलं, आणि ती पुन्हा डोलकाठीवर गेली. लॉरेनने काहीतरी चावट गोष्ट सांगितली, आणि हेमांगी खळखळून हसली.

हसणं थांबलं तेव्हा तिला जाणवलं की दार उघडं आहे. तिने हेडसेट वर सरकवला. ओवी गळ्यात हात अडकवून उभी होती.

"हस ना," ओवी म्हणाली. "तिथून कुणी पडत नाही. मला कळतंय."

ती निघून गेली. हेमांगीला तिच्या मागे जायचं होतं. दोन पावलांवर ती भिंतीच्या फोमवर आपटली.

त्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं की कानामागचा प्रवाह बंद करण्यात येतोय. जगभरातून तक्रारी आल्या होत्या. फार वेळ खेळणारी धडधाकट माणसंही हेडसेट काढल्यावर झोकांड्या खात होती, कुणी जिन्यावरून कोसळलं होतं. महिनाअखेरीस इंटरनेटवरून नवा प्रोग्राम येईल आणि गाद्या निर्जीव होतील. त्यापुढे खेळ चालेल, गरगरणंही चालेल.

हेमांगीसारखी माणसं थोडी होती, पण होती. त्यांनी अर्ज केले, विनवण्या केल्या. कंपनीने सहानुभूती व्यक्त केली आणि हे उपकरण वैद्यकीय वापरासाठी नाही, असं नम्रपणे कळवलं.

"यात घाबरण्यासारखं काही नाही," अभिजित त्या संध्याकाळी म्हणाला. तो कॉम्प्युटरच्या मागे वाकला होता. "नेटची वायर काढून टाकायची. नवा प्रोग्राम येणारच नाही. जुनं आहे ते कायम चालू राहील. फक्त बाकीचे खेळाडू दिसणार नाहीत. जहाज तुझ्या एकटीचं."

"लॉरेनपण तेच करणारेय," सतरंजीवर पाय पसरून बसलेली हेमांगी म्हणाली. तिने विचारलं, "तुला काय वाटतं, मी काय करावं?"

"मला विचारशील तर ठेव."

"का?"

तो उठला आणि तिच्याशेजारी येऊन बसला. "तुला हसताना बघितलं म्हणून."

"आणि?"

"आणि काय?"

"अभिजित, वीस वर्षं झाली लग्नाला. तुझं 'आणि' मला ऐकू येतं."

तो सतरंजीच्या दशा ओढत राहिला. "तू या खोलीत असलीस की मला भीती नसते," शेवटी तो म्हणाला. "चहा पिताना कान इकडे ठेवावे लागत नाहीत, कुठे काही आदळलं का म्हणून. चारी बाजूंना फोम आहे. तू सुखात असतेस आणि मीही... मी थकलोय गं, हेमा. वाईट वाटून घेऊ नकोस. फक्त थकलोय."

तिला वाईट वाटलं नाही. त्याने खरं सांगितलं, याचं तिला उलट बरं वाटलं. पण ती रिकामी खोली तिला त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसली. कमरेपर्यंतचा फोम, छतातून लोंबणारी वायर, बंद ठेवलेली खिडकी. इथे ती जगातली सगळ्यांत चपळ बाई होती. दाराबाहेर सात पावलंही तिची नव्हती, आणि जितकी ती आत चपळ होत जाईल, तितकी बाहेरची पावलं कमी होणार होती. सगळ्यांच्या सोयीचं होतं ते. तिच्याही. पुढे कधीतरी तिला जेवणाचं ताटही इथेच आणून दिलं जाईल, प्रेमाने.

"ती वायर राहू दे," ती म्हणाली.

"विचार कर. एकदा प्रवाह गेला की परत आणता येणार नाही. आणि डॉक्टर म्हणाल्यात, पूर्वीइतकंही जमेल याची खात्री नाही."

"माहीत आहे."

"मग कशासाठी?"

"ओवी दारात उभी होती," ती म्हणाली, "आणि मला तिच्यापर्यंत जाता आलं नाही."

ठरलेल्या दिवशी दुपारी ती सतरंजीवर मांडी घालून बसली आणि हेडसेट चढवला. अभिजितने नको म्हटलं, पण झोपेत कुणी काहीतरी काढून न्यावं तसं तिला ते घडू द्यायचं नव्हतं. ती मधल्या डोलकाठीवर चढली. लॉरेनची जागा रिकामी होती, तिने सकाळीच वायर काढली होती. खाली डेकवर कोरियातली दोन पोरं होती. त्यांना काहीतरी कळलं असावं. त्यांनी टोप्या काढून हलवल्या.

वारा आला, काठी झुलली, आणि तिच्या कानात ते झुलणं अगदी खरंखुरं उतरलं. तिने डोळे मिटले. तिचं वजन, तिची उंची, तिचा तोल, सगळं तिचं होतं.

कुठे काही आवाज झाला नाही. जिभेवरची तांब्याची चव गेली, एवढंच. तिने डोळे उघडले. डोलकाठी होती, समुद्र होता, टोप्या हलवणारी पोरं होती. पण सगळं चित्र होतं. त्यात 'खाली' उरलं नव्हतं.

अभिजितने हेडसेट काढला तेव्हा ती आडवी झाली होती आणि दोन्ही हातांनी सतरंजी धरून होती.

पुढच्या महिन्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण ते रोज सारखेच होते. डॉक्टर मुजावरांनी एक फिजिओथेरपिस्ट दिली. भिंतीवर चिकटवलेल्या एका अक्षराकडे बघत मान हलवायची, उलटी झाली तर थांबायचं, पुन्हा हलवायची. उशीवर अनवाणी उभं राहायचं. तीन वर्षांपूर्वी हेच केलं होतं, तेव्हा अंगात मल्लखांबाचा जोर होता आणि मनात आशा होती. या वेळी दोन्ही कमी होतं. शिवाय आपण काय गमावलंय, हे तिला आता नव्याने ठाऊक झालं होतं. ते दुःख पहिल्यापेक्षा जड होतं.

ओवीचं प्लॅस्टर निघालं, पण कोपर पूर्ण सरळ होईना. डॉक्टरांनी मल्लखांब बंद सांगितला. ओवीने सामानाची पिशवी धुऊन, घडी करून कपाटात ठेवली. रडली असेल तर कुणाला दिसली नाही. एकदा मात्र घरी आल्यावर तिने पॅसेजमध्ये आईला धरायला म्हणून ठेवलेली खुर्ची उचलली आणि गच्चीवर नेऊन टाकली.

"अगं, आई पडेल," अभिजित म्हणाला.

"पडू दे. मी उभी आहे ना इथे," ओवी म्हणाली. मग आईकडे वळून, "ये."

पॅसेज लहान होता. हेमांगीला तो ओलांडायला बराच वेळ लागला. पलीकडे पोचल्यावर ओवीने तिला मिठी वगैरे मारली नाही. "उद्या पुन्हा," एवढंच म्हणून ती अभ्यासाला गेली. पण दुसऱ्या दिवशी ती खरंच उभी होती, आणि तिसऱ्याही.

वर्ष उलटलं. ओवी शिकायला पुण्याला गेली. दर रविवारी फोन करायची, कधी मोकळी बोलायची, कधी दोन वाक्यांत संपवायची. हेमांगी सुधारली, पण आजारानंतर जिथवर पोचली होती तिथवर नाही. वर बघणं तिला पुन्हा जमलं नाही. अभिजितने हेडसेट विकून टाकला. मागच्या खोलीत पुन्हा कॉट आली. भिंतीवर फोमच्या गोंदाचे डाग राहिले, ते रंग देऊनही उठून दिसत.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी लॉरेनचा फोन आला. बऱ्याच महिन्यांनी.

"कशी आहेस गं?" तिने विचारलं. तिच्या आवाजामागे वारा होता, आणि दोरांची करकर.

"वरून बोलतेस?" हेमांगीने विचारलं.

"वरूनच. फोन इथेही लागतो, बघ. मज्जा आहे." लॉरेन हसली. मग म्हणाली, "कुणीच नाही गं इथे आता. नुसता वारा. पूर्वी ती पोरं तरी असायची."

"आणि घरात? कशी वावरतेस?"

"चाकाच्या खुर्चीत. भाचा ढकलतो, त्याची बायको ढकलते. जेवायला, आंघोळीला. बाकी मी इथेच. पण चढले ना, की सगळं विसरायला होतं. वाऱ्यात उभी राहून गाते मोठ्याने. तू ऐकायला हवीस." थोडं थांबून तिने विचारलं, "भाच्याने सांगितलंय, जुना प्रोग्राम तो तुला पाठवू शकेल. हेडसेट तेवढा मिळव कुठूनतरी. येतेस?"

हेमांगी दाराच्या चौकटीला खांदा टेकून उभी होती. नाही म्हणायला तिला जीभ उचलावी लागली.

"नको."

"बरं. तू आता कुठवर चालतेस?"

"कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत."

"एकटी?"

"एकटी."

पलीकडे दोर करकरत राहिले. मग लॉरेनने विचारलं, अगदी मायेने, टोचायचं म्हणून नव्हे, "आणि हसतेस का गं? तशी?"

हेमांगीने खोटं बोलायचा विचार केला. पण त्या उंचीवर दोघी कधी एकमेकींशी खोटं बोलल्या नव्हत्या.

"अजून नाही," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने चपला घातल्या आणि दळणाची पिशवी खांद्याला लावली. अभिजित पेपर तपासता तपासता उठायला लागला, तिने त्याला हाताने बसवलं. पश्चिमेला ऊन उतरत चाललं होतं. अंधारात तिला पाऊल टाकता येत नसे, म्हणून घाई करायला हवी होती. तिने समोरच्या विजेच्या खांबावर नजर रोवली, पाय रुंद टाकले आणि चालायला लागली. खांब हिंदकळत होता. ती त्याच्याकडे चालत राहिली.